घरांतील आरोग्य : दुबळा हात आणि जोडी

प्लास्टर निघालें म्हणजे हात बरा झाला, असा आपला समज असतो. मोडलेलें मनगट साधारणतः सहा आठवडे बांधून ठेवावें लागतें. तेवढ्या अवधींत हाड सांधतें. परंतु स्नायू रोडावतात व सांधे आंखडतात. अशा वेळीं आपण सासूबाईंच्या हातांतून मायेनें लाटणें काढून घेतों. पण त्या मायेनेंच हात कायमचा दुबळा राहण्याचा संभव असतो.

डॉक्टरांची अनुज्ञा मिळतांच प्रथम मऊ चेंडू मुठींत दाबावा. कांहीं आठवड्यांनीं अर्ध्या किलोचें डंबेल घ्यावें. हात मेजावर टेकून, पंजा कडेबाहेर ठेवून, मनगट सावकाश दहा वेळां वर-खालीं करावें. सूज वा वेदना वाढल्यास थांबावें.

पुढें खांद्यासाठीं हलकी जोडी फिरविण्यास हरकत नाहीं. आपल्या तालमींतील ही जोडी इंग्रजांनीं उचलली, आणि १९०४ व १९३२ सालच्या ऑलिंपिकमध्यें तिची स्पर्धाही झाली. मात्र माळ्यावरील आजोबांची वजनदार जोडी यासाठीं काढूं नये.

आणि हो, सासूबाईंचें लाटणें त्यांस परत द्यावें. तोही व्यायामच आहे!