बाळदमा आणि दोन दवाखाने

ऑक्टोबर उजाडला की पुण्यात मुलांच्या डॉक्टरांकडे बसायला जागा मिळत नाही. पावसाने ओल धरलेल्या भिंती, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून खाली आलेली धूळ, मोकळ्या प्लॉटमध्ये माजलेलं गाजरगवत, पहाटेचा गारठा आणि पाठोपाठ फटाके. मांडीवर घुरघुरणारं पोर घेऊन बसलेल्या आया तिथेच एकमेकींना पत्ते देतात. अमुक वैद्यांची पुडी, तमुक डॉक्टरांच्या साबुदाण्याच्या गोळ्या, ‘आमच्या भाच्याचा बाळदमा कायमचा गेला’. गेल्या आठवड्यात दोघींनी मला एकच प्रश्न विचारला: डॉक्टर पंप सुरू करा म्हणतात, घरचे होमिओपॅथी करू म्हणतात, काय करू?

मी डॉक्टर नाही. पण ही निवड मी केली आहे, आणि एकदा चुकले आहे.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. पहाटे ओळीने पंधरा-वीस शिंका, तळहाताने नाक वर चोळायची सवय आणि रात्री कोरडा खोकला. डॉक्टरांनी ॲलर्जी आणि दमा दोन्ही सांगितलं आणि स्टिरॉइडचा रोजचा पंप लिहून दिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘एवढ्याशा लेकराला पंप? जन्माची सवय लागेल गं.’ स्टिरॉइड हा शब्द ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. डॉक्टरांनी आम्हाला सात मिनिटं दिली होती. मग ज्या होमिओपॅथांकडे गेलो, त्यांनी तास दिला. मुलगा कुशीवर झोपतो का, कशाला घाबरतो, मी गरोदर असताना घरात काय चाललं होतं, सगळं विचारलं. आईला असं कुणी विचारलं की ती विश्वास टाकते. मीही टाकला. ‘पंपाने रोग आत दाबला जातो, तो बंद करा,’ असं ते म्हणाले आणि आम्ही तो बंद केला.

खोकला वाढला. फोन केला तर उत्तर आलं, ‘आधी वाढणारच. रोग बाहेर पडतोय.’

बाराव्या रात्री दोन वाजता मुलगा गादीवर उठून बसला होता. खांदे वर ओढलेले, पोट उडत होतं, प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मध्ये खळगे पडत होते. ‘आई, पाणी’ एवढंही एका दमात म्हणता येत नव्हतं. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ४४. त्या वयाचं मूल निवांत असताना वीस-पंचवीस घेतं. होमिओपॅथांचा फोन बंद होता, आणि रात्री दोनला तो बंद असण्यात त्यांचा दोष नाही. पण रात्री काय करायचं, हे त्यांनी दिवसाही सांगितलं नव्हतं. रिक्षा, ऑक्सिजन, तीन वेळा औषधाची वाफ, दोन रात्री दवाखान्यात.

‘रोग बाहेर पडतोय’ या वाक्याचा मला आजही राग येतो. बरं वाटलं तर औषध लागू पडलं आणि बिघडलं तरी लागू पडलं, असं असेल तर ते औषध चुकतंय हे आईला कळायचं कसं? माझ्या लेखी निवड आधी इथे होते. ‘इतक्या दिवसांत, इतका फरक, नाही पडला तर बदलू,’ असं जो सांगत नाही, त्याच्या हाती मूल देऊ नये. मग त्याच्या पाटीवर कुठलीही पदवी असो.

पंपाच्या भीतीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक घरं इथेच अडतात. दम लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाच्या एका झोतात सॅल्ब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे असे ४० झोत. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते; पंपाचं औषध थेट श्वासनळीवर पडतं, म्हणून एवढंसं पुरतं. तरीही आपण गोळीला सौम्य समजतो आणि पंपाला शेवटचा उपाय. रोजच्या पंपातल्या स्टिरॉइडचा वाढीवर परिणाम होतो का? थोडा होतो. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ज्या मुलांनी काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतलं, ती मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटर कमी उंच भरली. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. डॉक्टरांनी हा आकडा आईबापांना आपणहून सांगावा. लपवला की ते बिनआकड्यांच्या आश्वासनांकडे जातात. मला तो आधी कळता, तर त्या रात्रीच्या बदल्यात मी तो सेंटिमीटर डोळे मिटून दिला असता.

आणि स्टिरॉइड टाळायला म्हणून जी बिननावाची पुडी आपण आणतो, तिच्यातच स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आपल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, गाल गोल झाले, तर मूल बाळसं धरतंय म्हणून हरखू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि एकदम बंदही करू नका, त्यातही धोका असतो.

‘भाच्याचा कायमचा गेला’ हे खोटं नसतं. लहानपणी छाती वाजणारी पुष्कळ मुलं सहा-सात वर्षांची होईपर्यंत आपोआप सुटतात. शिवाय ॲलर्जीला हंगाम असतो. ती ओसरताना हातात जे औषध असेल, त्याच्या नावावर गुण जमा होतो. मृग लागताना हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर दम्यावरचा उपाय म्हणून जिवंत मासा गिळायला हजारो लोक रांगा लावतात, महाराष्ट्रातूनही रेल्वेने मुलं घेऊन जातात. त्या रांगेतल्या आईची तळमळ माझ्यासारखीच आहे, म्हणून तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण परत येताना पिशवीत निळा पंप असू दे, एवढं तिला सांगावंसं वाटतं.

घरातलं सगळं मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. जलनेतीचं मिठाचं पाणी आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीही सुचवलं. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच. साध्या खोकल्याला सितोपलादी मधातून चाटवते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नको. गाद्या उन्हात घालते. पथ्याच्या नावाखाली दोन वर्षं बंद केलेलं दही आणि केळं तपासणीनंतर परत सुरू केलं. तपासणीत निघाली ती धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी.

होमिओपॅथीतली काट्याने काटा काढण्याची कल्पना मला आवडते, आणि ती आधुनिक वैद्यकातही आहे. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क अगदी थोड्या, मोजक्या मात्रेत टोचून ती हळूहळू वाढवत नेली. आजही ॲलर्जीची ही लस तीन ते पाच वर्षं देतात. तिथे काटा खरोखर असतो आणि तो मोजलेला असतो. ‘३०’ लिहिलेल्या होमिओपॅथीच्या बाटलीत शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं असतं. इतकं पातळ केल्यावर मूळ पदार्थाचा एक कणही उरत नाही.

त्या रात्रीनंतर एका वैद्यांकडे गेले तेव्हा आधीच सांगितलं, पंप चालू आहे आणि राहील. ते म्हणाले, ‘राहू द्या ताई. रात्री झोप लागते ना त्याने? मग मी फक्त पोटाचं बघतो.’ आमच्या बालरोगतज्ज्ञांनाही वैद्यांच्या औषधाची चिठ्ठी दाखवली. त्यांनी वाचली आणि फाइलला लावली.

आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: निळा पंप केव्हा, किती झोत, किती वेळाने, आणि काय दिसलं की तडक निघायचं. अक्षर डॉक्टरांचं आहे. रोजचा पंप स्पेसर लावून सासूबाईच देतात. मुलगा श्वास घेतो, त्या बोटांवर मोजतात, आणि तो दप्तराकडे पळाला की स्वयंपाकघरातून हाक येते, ‘अरे, चूळ भरलीस का?’