थापी कोण शिकवणार?

घर बांधायला काढलेल्यांची तक्रार ठरलेली: चांगला गवंडी मिळत नाही. मिळणार कुठून? बहुतेक जण बिगारी म्हणून घमेली वाहता वाहता, बघूनच हे काम शिकतात. म्हणून या अंकात आम्ही चेन्नईकडे वळलो आहोत. तिथे लार्सन अँड टुब्रोने १९९५ साली बांधकाम-कौशल्याची प्रशिक्षण संस्था सुरू केली. तशीच एक आपल्या पनवेललाही आहे.

वीट भिजवणे, दोरी-ओळंबा लावणे, सांध्यावर सांधा न येऊ देणे, मसाल्याचा थर जेमतेम १० मिलिमीटर राखणे. या कसबाला वर्ग आणि प्रमाणपत्र लाभले की मजुरी आणि मानही वाढतो का, हे पुढच्या पानांत आम्ही तपासले आहे. तुमच्या गावचा गवंडी कसा घडला, जरूर लिहून कळवा.