डोळ्यांखालचं काळं आणि हरवलेली झोप

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला कुणी “काय गं, बरं नाही का?” असं विचारलं की घरी आल्याबरोबर आपण आरशापुढे उभ्या राहतो. डोळ्यांखाली काळं, चेहरा ओढलेला. मग काकडीच्या चकत्या, दुधाची साय, महागडं क्रीम, सगळं करून होतं. राहून जाते ती झोप.

झोप उडणं म्हणजे काय, हे आपल्या उमरग्याकडच्या पन्नाशीपुढच्या बायकांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. घरं उभी होती तीही माणसं पुढे कित्येक रात्री बाहेर निजली. त्या वेळी सुजलेल्या डोळ्यांचं कारण कुणाला विचारावं लागत नव्हतं. आज मात्र आपली झोप रोज तासातासानं जाते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेब करून बघा. ओटा आवरून, विरजण लावून, हरभरे भिजत घालून पाठ टेकायला साडेअकरा. डब्यांसाठी उठायचं साडेचारला. झाले पाचच तास! मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी.

झोपेचा चेहऱ्याशी संबंध काय, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी तपासलं. २०१० साली त्यांनी २३ जणांची छायाचित्रं घेतली : एकदा पुरेशा झोपेनंतर, एकदा जागरणानंतर. पाहणाऱ्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तरी जागरणाचे चेहरे त्यांना थकलेले, आजारी आणि कमी आकर्षक वाटले. पुढे २०१३ च्या अभ्यासात लोंबत्या पापण्या, लाल डोळे, फिकट त्वचा आणि उतरलेल्या ओठांच्या कडा, ही लक्षणंही दिसून आली.

पण प्रश्न नुसत्या रूपाचा नाही बरं का! झोप अपुरी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं बळावतात. म्हणून चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जातो. वर्षानुवर्षं असंच चाललं तर वजन, रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. सर्दी-पडसं लवकर गाठतं, आणि मुलांवर विनाकारण आवाज चढतो तो वेगळाच.

मग करायचं काय? आधी आठवडाभर झोपेचे तास दिनदर्शिकेवर लिहा. तो आकडा घरातल्यांना दाखवा. भाजी संध्याकाळीच चिरून ठेवा. नळाचं पाणी भरायची पाळी यजमानांना आणि मोठ्या मुलांना वाटून द्या; तेही त्याच पाण्यानं आंघोळ करतात ना? संध्याकाळी चारनंतर चहा नको. दुपारी आडवं व्हायचं ते अर्धा तास आणि तीनच्या आत. उठायची वेळ रोज एकच ठेवा. मोबाइल उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा.

एक लक्षात ठेवा. डोळ्यांखालचं काळं दर वेळी झोपेमुळेच असतं असं नाही. काहींच्यात ते आनुवंशिक असतं. पुरेसं झोपूनही थकवा जात नसेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोपच येत नाही असं तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शेजारणीनं सांगितलेली झोपेची गोळी मात्र मुळीच घेऊ नका.

घरातल्या सगळ्यांच्या अंगावर पांघरूण घालून शेवटी निजणारी आपणच. पण आपण आजारी पडलो तर ते पांघरूण कोण घालणार? तेव्हा आज रात्री चार भांडी तशीच राहिली तरी चालतील. दिवा मालवा आणि तासभर आधी झोपा.