परसातला पूल आणि मे महिन्याचं पाणी

ऑगस्ट महिना. बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या काचेवर वाफ, हातात आल्याचा चहा... आणि समोर डायनिंग टेबलवर कोण, तर स्विमिंग पूल बांधून देणारा कॉन्ट्रॅक्टर! छत्री घेऊन, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, लॅमिनेट केलेले फोटो घेऊन आलेला. "सर, आत्ता ऑफ-सीझन आहे. आत्ता बुक केलंत तर रेट चांगला मिळेल. दिवाळीनंतर खोदाई, एप्रिलला पाण्यात उडी!"

माणूस खोटं बोलत नव्हता. मार्चमध्ये उन्हं तापली की या लोकांचे फोन लागत नाहीत, ऑगस्टमध्ये ते स्वतः फोन करतात. आमच्याकडे तो आला कारण बाबांनी त्याला बोलावलं होतं. मला न सांगता. ('सांगितलं असतं तर तू एक्सेल उघडलं असतंस', हे नंतरचं स्पष्टीकरण. खरंच उघडलं असतं. नंतर उघडलंच.)

थोडी पार्श्वभूमी. बाबांनी नोकरीत असताना किरकटवाडीच्या बाजूला एक प्लॉट घेतला होता. तेव्हा सगळे हसले होते, आता हसत नाहीत. निवृत्तीनंतर तिथे बैठं घर बांधलं, मागे बऱ्यापैकी परस आहे. पेरू, शेवगा, कढीपत्ता, आणि बाकी गवत. बाबा आता 74 वर्षांचे आहेत. ते पोहायला शिकले गावच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मी शिकलो उन्हाळी बॅचमध्ये, शिट्टी फुंकणाऱ्या सरांकडून. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला पोहता येत नाही, कारण आम्ही दोघं सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पोहत असतो :) तिला आपण स्वतः शिकवायचं, आपल्या परसात, हे बाबांच्या डोक्यात बसलंय. पैसे त्यांचे, जागा त्यांची. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. तरी ते आहेच, म्हणून हा लेख.

माझं मत असं की पूल जरूर बांधावा. ऑफ-सीझनलाच बांधावा. पण तो एप्रिलमध्ये भरू नये. कधीच.

घरात या विषयाला पहिलं तोंड आईने फोडलं. कॉन्ट्रॅक्टर गेल्यावर कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, मे महिन्यात टँकरवाल्याला चार-चार फोन मी करते. प्यायच्या पाण्याला. आणि मी त्याला सांगू, की तीन टँकर मागच्या खड्ड्यात ओत म्हणून? शेजारच्यांच्या देखत?" बाबा गप्प.

आमच्यापासून खडकवासल्याची भिंत गाडीने काही मिनिटांवर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण 29 टीएमसी पाणी. 2021 मध्ये जी 23 गावं महापालिकेत आली त्यात आमचंही गाव आलं. तरी उन्हाळा आला की आमच्या गल्लीत टँकरचा रिव्हर्स हॉर्न वाजतोच. 2025 च्या जानेवारीत गिलन-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडले ते मुख्यतः याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात, आणि संशय पाण्यावर होता. तेव्हापासून आई बोअरचंच काय, नळाचं पाणीसुद्धा उकळल्याशिवाय पिऊ देत नाही. ज्या घरात पाण्याकडे असं बघितलं जातं, तिथे पूल बांधायचा म्हणजे थट्टा नाही.

असो. भावना बाजूला, आकडे बघू. (एक्सेल उघडलं.)

पूल 24 फूट बाय 12 फूट, सरासरी खोली 4 फूट. म्हणजे 1,152 घनफूट, एका घनफुटात 28.3 लिटर, साधारण 32,600 लिटर पाणी. दहा हजारी टँकर धरला तर तीन टँकर आणि वर थोडं. एवढं ऐकून बायकोने भुवया उंचावल्या. पण थांबा. हे पाणी एकदाच लागतं. नीट फिल्टर केलं, क्लोरीन आणि पीएच सांभाळला (पीएच 7.2 ते 7.6 च्या मध्ये), तर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं. रोज लागतं ते फक्त उडून गेलेलं पाणी भरून काढायला. पुण्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सहा-सात मिलिमीटर उतरते असं धरू. आमच्या पुलाचं पृष्ठफळ 27 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे रोज 160-190 लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर हा हिशोब धरतात. थोडक्यात, आमचा पूल म्हणजे घरात आणखी एक माणूस राहायला आला, आणि तो जरा जास्त वेळ अंघोळ करतो. बस्स. तेवढ्याच आकाराची हिरवळ लावली तरी मे महिन्यात ती जवळपास एवढंच पाणी पिते, आणि हिरवळीबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

म्हणजे पूल हा पाण्याचा राक्षस नाही. मग आईचं चुकलं का? अजिबात नाही. प्रश्न किती पाण्याचा नाहीच, ते कुठल्या महिन्यातलं, याचा आहे. पावसाळ्यात 32 हजार लिटर पाणी आमच्या छपरावरून गटारात जातं, कोणी ढुंकून बघत नाही. तेच पाणी 15 एप्रिलला टँकरने आणलं तर ते कोणाच्या तरी विहिरीतून, कोणाच्या तरी नंबरावरून आलेलं असतं.

2016 चा उन्हाळा आठवतोय? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तावातावाने म्हणालो होतो की मैदानाला लागणाऱ्या पाण्याने लातूरची तहान थोडीच भागणार आहे! आकड्यांत मी बरोबर होतो. पण ज्याच्या घरी आठवड्याने नळ येतो त्याला माझं एक्सेल दाखवून काय होणार होतं? हे कळायला मला आईचे ते चार फोन ऐकावे लागले.

तर आता दुसरी शीट. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर धरा (आमच्याकडे धरणाच्या बाजूला जरा जास्तच पडतो). आमचं छप्पर 900 चौरस फूट, म्हणजे 84 चौरस मीटर. वीस टक्के वाया गेलं तरी 47 हजार लिटर हाताशी येतं. पूल भरून 14 हजार उरले! मी खुर्चीतून उठून बाबांना टाळी द्यायला गेलो.

पण मग तिसरी शीट काढली आणि बसलो खाली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज चार मिलिमीटर आणि मार्च ते मे रोज सात, असं धरून बेरीज केली तर आठ महिन्यांत बाष्पीभवनाने जवळपास 1.2 मीटर पाणी जातं. 1.2 मीटर म्हणजे किती? चार फूट! अख्खा पूल. पावसाळ्यात भरलेला पूल तसाच उघडा ठेवला, तर मे अखेरीस तळ दिसणार. म्हणून आच्छादन. वापर नसताना पुलावर कव्हर ओढून ठेवलं की बाष्पीभवन निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. निम्मं धरलं तर दोन फूट तूट, म्हणजे 16 हजार लिटर, आणि उरलेले 14 हजार त्यातले बरेचसे भरून काढतात. गच्चीतून ते पाणी घ्यायला घराखाली दहा हजारांची टाकी आहेच. थोडंसं बोअरचं लागेल, ते चालेल. उलट बरंच आहे. पावसाचं पाणी इतकं मृदू असतं की ते टाइल्समधलं सिमेंट हळूहळू खातं, आणि आमच्या बोअरचं इतकं जड की बादलीवर पांढरे थर चढतात. दोन्ही मिसळली तर दोघांचीही खोड मोडते.

कॉन्ट्रॅक्टरच्या फोटोंमध्ये धबधबा होता, निळे दिवे होते, पाण्यातले बार स्टूल होते (कोणासाठी? आईसाठी?). कव्हर नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, "सर, ते ऑप्शनल." आमच्या धंद्यात 'बॅकअप ऑप्शनल आहे' म्हणणाऱ्या माणसाची आठवण झाली.

खरं तर यात नवीन काहीच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून पावसाचं पाणी जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं आणि पेठांमधले हौद भरले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद... आज ती बहुतेकांसाठी चौकांची आणि बसस्टॉपची नावं आहेत. मला वाटतं आपल्याला हॉलिवूडचा पूल बांधायचा नाहीये, पुण्यातला हौद बांधायचाय, ज्यात पोहताही येतं.

आणि ऑफ-सीझनचा खरा फायदा रेट हा नाहीच. पावसात परसात उभं राहिलं की जमीन स्वतःहून सगळं सांगते. कुठे पाणी साचतं, कुठून वाहतं, किती दिवसांत मुरतं. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडा देते. मुरूम लागला तर नशीब. आणि भूजल वर आलेलं असताना पूल रिकामा असेल तर खालच्या पाण्याच्या दाबाने अख्खं काँक्रीटचं भांडं वर उचललं जाऊ शकतं, होडीसारखं! म्हणून ज्यांना दर पावसाळ्यात पूल उपसून रिकामा ठेवायची सवय आहे, त्यांना माझा सादर नमस्कार. पूल भरून वाहू द्या, वरून ओसंडणारं पाणी झाडांच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडा (क्लोरीनचं थेट बोअरमध्ये नको), आणि फिल्टर रोज चालवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची शाळा भरेल. खोदाई पाऊस ओसरल्यावर. काँक्रीटला निदान 28 दिवस आणि वॉटरप्रूफिंगला घाई नको. शिवाय चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. यावर घरात चर्चा झाली नाही. शेजारी दोन लहान पोरं आहेत, कुंपण नसेल तर पूल नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही दहाव्या मजल्यावर राहतो, आमचं कसलं परस? पण तुमच्या सोसायटीत पूल आहे ना? ब्रोशरमध्ये त्याचाच फोटो बघून आपण ईएमआय लावून घेतला. पुढच्या एजीएमला पार्किंगवरून भांडून झालं की एवढं विचारा: आपला पूल कधी उपसतात, कधी भरतात, आणि कशाने? 'मेमध्ये, टँकरने' असं उत्तर आलं तर सेक्रेटरींना ही शीट दाखवा.

एवढं सगळं जमवल्यावर एक गोष्ट उरलीच. मी म्हणतोय तसं करायचं तर खोदाई दिवाळीनंतर, काम फेब्रुवारीपर्यंत, आणि पाणी पुढच्या जुलैत. म्हणजे एक अख्खा उन्हाळा पूल बांधून तयार आणि कोरडा. सात वर्षांच्या मुलीला एक उन्हाळा म्हणजे फार. आणि 74 वर्षांच्या माणसाला? हे एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये टाकायचं ते मला कळेना. रात्री मी बाबांना म्हणालो, "पाहिजे तर पहिल्या वर्षी भरू टँकरने. एकदाच."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी आई फोन करणार नाही." आणि थोड्या वेळाने, "एप्रिलमध्ये तिला टँकवर घेऊन जाऊ आपण. सकाळची बॅच. मी काठावर बसतो, तू पाण्यात उतर. तुझा फ्रीस्टाइल अजून वाकडाच आहे, तोही बघतो."

आज सकाळी उठून बघतो तर हे परसात, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात हातोडी. 24 बाय 12 च्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुतळी बांधलीये, पाणी कुठे साचतं ते बघायला. शेवग्याच्या बाजूच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी होतं. "इथे उतार द्यावा लागेल," म्हणाले. तेवढ्यात पोरगी चपला न घालताच धावत आली आणि सुतळीवरून उडी मारून बरोब्बर त्याच कोपऱ्यात पडली. दोघंही चिखलाने माखली. आई आतून ओरडतेय, आणि मला आता टॉवेल घेऊन जायचंय.