तस्कर सीमा ओलांडतो, तपास मात्र अडतो

मानवी तस्करीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची चर्चा बहुधा राजधान्यांतील परिषदांपुरती राहते. तिची खरी कसोटी लागते ती वाराणसीसारख्या शहराच्या पोलीस ठाण्यात आणि सत्र न्यायालयात. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच शहरातील बालतस्करी प्रकरणातल्या आरोपींचे जामीन रद्द केले. पदपथावर झोपणाऱ्या कुटुंबांची मुले पळवून परराज्यांत विकण्यात आली होती. मुलगा हवा म्हणून एका आरोपीने चार लाख रुपये मोजले होते. जामिनावर सुटलेल्यांपैकी काही जण परागंदा झाले होते. खटला सहा महिन्यांत निकाली काढावा, असा आदेश न्यायालयास द्यावा लागला. राज्यांच्या सीमा ओलांडतानाच तपासाची ही दशा होत असेल, तर राष्ट्राच्या सीमेवर त्याचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रदेशाची एक जुनी ओळख आठवते. बनारस, गाझीपूर, आझमगढ या पट्ट्यातून अरकाट्यांनी हजारो माणसे मॉरिशस, फिजी, त्रिनिदादच्या मळ्यांवर पाठविली. दंडाधिकाऱ्यासमोर मजुराचा अंगठा उमटला की सरकारच्या लेखी त्याची संमती सिद्ध होई. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गोखल्यांच्या निधनानंतर, मार्च १९१६ मध्ये, पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा आणला आणि तो सरकारला मान्य करावा लागला. पुण्याच्या नेत्याने आरंभिलेले काम बनारसच्या नेत्याने पुढे नेले. फसवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे, हा त्या दोघांच्या लढ्याचा गाभा होता. आज तोच विचार संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो शिष्टाचारात आणि आपल्या फौजदारी कायद्यात नोंदलेला आहे.

करारांची आपल्याकडे वानवा नाही. पालेर्मो शिष्टाचाराला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले, २०१३ मध्ये दंडसंहितेचे कलम ३७० बदलले आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम १४३ आहे. बांगलादेशाशी २०१५ मध्ये आणि म्यानमारशी २०२० मध्ये सामंजस्य करार झाले. तथापि दक्षिण आशियाचा स्वतःचा करार, म्हणजे ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडूत स्वाक्षरी झालेला सार्क करार, तस्करीची व्याख्या वेश्याव्यवसायापुरतीच मर्यादित ठेवतो. वीटभट्टीवर डांबलेला मजूर किंवा दत्तकाच्या नावाखाली विकलेले मूल त्या व्याख्येत बसत नाही.

गुन्ह्याचे स्वरूप मात्र बदलत राहिले आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोटमार्गे ५४९ भारतीयांना परत आणले. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत जुंपले होते. आपली उत्प्रवास परवानगीची पद्धत दहावी न झालेल्या मजुराला नजरेसमोर ठेवून रचलेली आहे. संगणक जाणणारा पदवीधर पर्यटक व्हिसावर निघतो, तेव्हा त्या पद्धतीला त्याचा पत्ताच लागत नाही.

यावर सीमा बंद करा, असा सोपा उपाय सुचविला जातो. भारत-नेपाळ सीमा १,७५१ किलोमीटर लांब असून १९५० च्या तहाने दोन्हीकडच्या नागरिकांना मोकळी आहे. ती मोकळीक लाखो कष्टकऱ्यांचा आधार आहे. नेपाळने आपल्या स्त्रियांना आखातात घरकामासाठी जाण्यास वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा त्या थांबल्या नाहीत. भारतीय विमानतळांवरून, दलालांच्या हाती अधिकच सापडून गेल्या. बंदीने तस्कराचा दर वाढतो, धंदा थांबत नाही.

सेवाकाळात परदेशातून माहिती मागविणारी पत्रे मी हाताळली आहेत. जिल्ह्यातून राज्याच्या गृहखात्याकडे, तेथून दिल्लीला, मग दूतावासाकडे आणि शेवटी परक्या देशातील जिल्ह्याकडे, असा त्यांचा प्रवास असतो. उत्तर येईपर्यंत सुटका झालेली मुलगी आपल्या गावी परतलेली असते. साक्षीवाचून खटला कोसळतो.

म्हणून तीन गोष्टी प्राधान्याने व्हाव्यात. पहिली, पीडितेची साक्ष तिच्याच देशातून दूरदृश्य प्रणालीने नोंदवावी. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये या पद्धतीस मान्यता दिली आहे. उणीव आहे ती नेपाळ व बांगलादेशातील न्यायालयांशी ठरलेल्या कार्यपद्धतीची. दुसरी, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांत एकेक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा आणि त्यांना परस्परांशी थेट बोलण्याची मुभा असावी. तिसरी, सर्वंकष कायदा. २०१८ मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक राज्यसभेत न जाता २०१९ मध्ये व्यपगत झाले. २०२१ चा मसुदा तर संसदेत मांडलाही गेला नाही. पुनर्वसन आणि सक्तीची मजुरी यांचा स्पष्ट उल्लेख असलेला कायदा आता आणखी लांबणीवर टाकू नये.

गोखले आणि मालवीय यांच्यासमोर परके सरकार होते, तरी त्यांनी चार वर्षांत त्याला नमविले. आपल्यासमोर आपलेच सरकार आहे. मग आपल्याला इतका वेळ का लागावा, याचे उत्तर संसदेने द्यायला हवे.