माल्मी

उर्दूच्या वर्गात 'मुअल्लिम' हा शब्द आला की मुले आमच्याकडे बोट दाखवतात. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, हे बरोबरच. पण अरबी समुद्रावर हाच शब्द गलबताला वाट दाखवणाऱ्या जाणकारासाठी चालत असे. पंधराव्या शतकातला जुल्फारचा इब्न माजिद असाच मुअल्लिम. त्याचे वडील आणि आजोबाही मुअल्लिमच. लक्षद्वीपच्या बेटांवर या शब्दाचा 'माल्मी' झाला. वाटा, वारे, तारे लिहून ठेवलेल्या माल्मींच्या वह्यांना 'रहमानी' म्हणतात. 'रहमान'शी त्याचा संबंध नाही बरे का! मूळ फारसी शब्द 'राहनामा'. आपला 'नाखवा'ही तसाच 'नाखुदा'वरून आलेला.

भर समुद्रात माल्मी ध्रुवताऱ्याची उंची मोजून वाट काढी. बेट जवळ आले की मात्र ताऱ्याचा उपयोग संपतो आणि डोळ्यांचे काम सुरू होते. कारण ही कंकणद्वीपे. पोवळ्यांचा कठडा, त्याच्या आत उथळ पाण्याचे लगून आणि बहुतेक ठिकाणी पूर्वेच्या कडेला बेटाची चिंचोळी पट्टी. (आंद्रोतला मात्र लगून नाही.) सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि लगूनचे पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर!

कोचीहून निघालेले मोठे जहाज म्हणूनच बऱ्याच बेटांपाशी कठड्याबाहेर थांबते. लेकराबाळांसह, सामानासह माणसे हलत्या होडीत उतरतात आणि होडी कठड्यातल्या वाटेने आत शिरते. आत शिरल्यावर होडीवाला पाण्याचा रंग वाचतो. गडद निळे म्हणजे खोल. हिरवट निळे म्हणजे खाली वाळू, होडी जाऊ शकते. अगदी फिके, पांढुरके दिसले तर तळ टेकेल. आणि तपकिरी किंवा पिवळट डाग दिसला की वळायचे, तिथे पोवळे आहे. हे वाचन सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना जमते. सूर्य समोर आला की पाणी चकाकते आणि सगळे डाग लपतात. ढगाची सावलीही पोवळ्यासारखीच दिसते, फरक एवढाच की ती सरकते. त्यात पुन्हा भरती-ओहोटी; सकाळी ज्या वाटेने गेलो ती दुपारी मोकळी असेलच असे नाही. जाहिरातीतल्या चित्रात हे पाणी नुसते सुंदर निळे असते. आम्हाला ती चित्रे अर्धवट वाटतात.

या उथळ पाण्यावर तिथली घरे चालतात. २०११च्या जनगणनेत बेटांवर ६४,४७३ माणसे होती, बहुतेक सगळी मुसलमान. गळ टाकून कुपा पकडायला लागणारी जिवंत बारकी मासळी लगूनमध्येच मिळते. विहिरींचे गोडे पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. लाटा कठड्यावर फुटतात म्हणून तो थर टिकतो. समुद्र फार तापला की पोवळी पांढरी पडतात आणि ताप टिकला तर मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठ्या प्रमाणावर घडले. मेलेला कठडा हळूहळू झिजतो, मोडतो आणि लाटा थेट किनाऱ्यापर्यंत येऊ लागतात. बंगारमच्या कंकणातले परळी-१ हे छोटे निर्जन बेट तर झिजून पूर्ण नाहीसे झाले आहे.

कुणी सहकुटुंब जाणार असाल तर आधी परवाना काढावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हाचा बेत नको. होडीत बसल्यावर मुलांना काठाशी उभे राहू देऊ नका. पाण्यात उतरायचे तर वाळूवर उतरा, पोवळ्यावर पाय नको. ते जिवंत असते आणि बोटभर वाढायलाही त्याला वर्षे लागतात. आठवण म्हणून त्याचा तुकडाही उचलू नका. होडीवाल्याने नांगर वाळू पाहूनच टाकावा, हे सांगायला संकोच नको. जुना जाणता होडीवाला असेल तर तुम्ही सांगण्याआधीच तो वाळू शोधत असेल. त्याच्या शेजारी मुलांना बसवा आणि समोरचा डाग ढगाचा की पोवळ्याचा, हे त्यांना ओळखू द्या.