लघुलहरींचा रेडिओ : कास्तकारानें कोणता घ्यावा?

बैल विकत घेतांना कास्तकार त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि जमल्यास जुंपूनही पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगावरून तो किंमत ठरवीत नाहीं. परंतु तोच कास्तकार रेडिओ घ्यावयास बाजारांत गेला म्हणजे पेटीची चकाकी आणि तीवर छापलेली पट्ट्यांची संख्या पाहून पैसे मोजून मोकळा होतो. ही तफावत दूर व्हावी, एवढ्याच हेतूनें आम्ही चार शब्द लिहीत आहों.

प्रथम एका आक्षेपाचें उत्तर देणें अवश्य आहे. खिशांत मोबाईल असतां रेडिओचें लोढणें कशास, असें तरुण मंडळी विचारतात. मोबाईल उपयोगी नाहीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. बाजारभाव, पिकावरील रोगाचें छायाचित्र, विजेची पूर्वसूचना देणारें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें ‘दामिनी’, हीं सर्व साधनें कास्तकारानें अवश्य वापरावींत. परंतु मोबाईलची ही सारी विद्या गांवाजवळच्या मनोऱ्यावर अवलंबून आहे. वीज गेली म्हणजे मनोरा कांहीं काळ साठवणीच्या विजेवर चालतो आणि ती संपली कीं मुका होतो. उलट रेडिओस गांवांत कांहींच लागत नाहीं. दूरचें ध्वनिक्षेपण केंद्र चालू असलें आणि सेटमध्यें सेल असले म्हणजे त्याचें काम भागलें.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हें आपल्या जिल्ह्यास तरी निराळें सांगावयास नको. सन २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला. वरच्या अंगास मध्यप्रदेशांतील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि भंडारा शहराच्या वस्त्यांसह नदीकांठचीं अनेक गांवें पाण्यांत सापडलीं. अशा रात्रीं पाणी चढणार कीं उतरणार हें कळणें म्हणजे केवळ बातमी नव्हे. गोठ्यांतील दावीं सोडावींत कीं नाहीं, धानाचीं पोतीं माळ्यावर न्यावींत कीं नाहीं, म्हाताऱ्या माणसांस आतांच हलवावें कीं सकाळची वाट पाहावी, हे निर्णय त्यावर अवलंबून असतात. आमच्या नोकरीच्या काळांत तहसील कचेरींतून निघालेला हुकूम पोलीस पाटलाकडे जाई आणि तेथून कोतवालाच्या दवंडीनें घरोघर पोंचे. परंतु नाल्यास पूर आला कीं दवंडी अलीकडेच राहते. रेडिओच्या दवंडीस नाला आडवा येत नाहीं.

शेतीच्या कामीं रेडिओनें काय साधतें, याचा दाखलाही जुना आहे. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, तेव्हां आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडांत मोडत होता. पुढें १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें पश्चिम महाराष्ट्राच्या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापून शेतीचे कार्यक्रम ऐकविले. ऐकल्यावर मंडळांत चर्चा होई आणि शंका केंद्राकडे पाठविल्या जात. त्यानंतरच्या दशकांत तामिळनाडूच्या तंजावर भागांत ए. डी. टी. २७ या धानाच्या जातीचा तिरुचिरापल्ली केंद्रानें इतका प्रसार केला, कीं लोक त्यास ‘रेडिओ धान’ म्हणूं लागले. आपला जिल्हा धानाचा आहे; हें उदाहरण आपण विसरूं नये.

आतां मूळ विषयाकडे वळूं. बाजारांतील सेट साधारणपणें तीन प्रकारच्या लहरी घेतात, आणि त्या तिघींचे स्वभाव भिन्न आहेत. एफ. एम. लहर सरळ रेषेंत जाते. तिचा आवाज सुरेख, परंतु पल्ला थोडा. टेकडी आडवी आली कीं ती अडते. मध्यम लहर दिवसां जमिनीला धरून चालते आणि बरीच दूर जाते. सूर्यास्तानंतर ती आकाशांतील वरच्या विद्युद्भारित थरावरून परतून शेंकडों मैल पोंचते. लघुलहर त्याच थरावरून उड्या घेत देशोदेशीं जाते. मात्र उडी घेणारा मधल्या जमिनीस पाय लावीत नाहीं. त्यामुळें हजार मैलांवर स्पष्ट ऐकूं येणारें लघुलहरीचें केंद्र शंभर मैलांवर पुष्कळदां ऐकूंच येत नाहीं. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहींत.

लहरीची लांबी व तिची कंपनसंख्या यांचा हिशेब अगदीं सोपा आहे. ३०० या आंकड्यास मेगाहर्ट्झनीं भागावें म्हणजे मीटर निघतात. नागपूर केंद्राची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे ०.५८५ मेगाहर्ट्झ, भागाकार केला असतां ५१२.८ मीटर येतात. लघुलहरींत दिवसां १९ व २५ मीटरचे पट्टे बहुधा चांगले चालतात, आणि सांज झाल्यावर ३१, ४१ व ४९ मीटरचे पट्टे जागे होतात. दुपारीं ४९ मीटर लावून ‘सेट बिघडला’ म्हणणारा मनुष्य सेटवर अन्याय करतो.

लघुलहरींवर आज काय ऐकूं येतें, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. सन १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हटलें, तेव्हां अर्धा हिंदुस्थान लघुलहरींवर सिलोन ऐकूं लागला. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविध भारती निघाली ती त्यानंतर. बी. बी. सी. ची हिंदुस्थानी सेवा १९४० च्या मे महिन्यांत सुरू झाली होती, आणि तिची परंपरा चालविणारें हिंदी रेडिओप्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजीं बंद झालें. आकाशवाणीनेंही लघुलहरींचीं बरींच प्रक्षेपणें आवरतीं घेतलीं आहेत. सारांश, वडिलांच्या वेळीं जितकें पीक त्या शेतांत येत होतें तितकें आज येत नाहीं. त्या आठवणीवर भुलून कोणी खर्च करूं नये.

मग लघुलहरीचा सेट घ्यावाच कशास? आमचें उत्तर असें कीं, तो दुसऱ्या फळीचा आहे म्हणून घ्यावा. सन २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमध्यें युद्ध पेटलें आणि तेथील मनोऱ्यांवर मारा होऊं लागला, तेव्हां बी. बी. सी. नें त्या देशासाठीं दररोज चार तास लघुलहरींवरून इंग्रजी बातम्या पुन्हां सुरू केल्या. जवळचें साधन मोडलें कीं दूरचें कामास येतें, हा त्यांतील धडा आहे. नागपूर केंद्र कांहीं कारणानें बंद पडलें तर दिवसाढवळ्या मध्यम लहरीवर दुसरें दूरचें केंद्र मिळणें कठीण. तेथें लघुलहर उपयोगी पडूं शकते. परंतु दुसरी फळी पहिलीच्या जागीं उभी करतां येत नाहीं. ज्या सेटवर पावसाळी रात्रीं नागपूर स्पष्ट येत नाहीं, त्यावर लंडन आलें तरी कास्तकारास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. सेट निवडतांना हें एक सूत्र धरिलें म्हणजे पुढील गोष्टी आपोआप सुचतात.

पहिली गोष्ट, पट्ट्यांची संख्या हा गुण नव्हे. आमच्या ओळखीच्या एका कास्तकारानें बारा पट्ट्यांचा सेट मोठ्या अभिमानानें आणला. त्याचे कित्येक पट्टे म्हणजे एकाच लहान जागेचे केलेले तुकडे होते, आणि नागपूर मात्र दुसऱ्या केंद्राच्या पोटांत शिरून ऐकूं येई. बांधीचे बारा धुरे घातले म्हणून जमीन वाढत नाहीं. खरे गुण तीन आहेत : क्षीण केंद्र उचलण्याची शक्ति, शेजारचें केंद्र बाजूस सारण्याची शक्ति, आणि लावलेल्या जागेवर टिकून राहण्याची शक्ति. आंकड्यांत कंपनसंख्या दाखविणारा सेट मिळाला तर तो पसंत करावा. कांट्याच्या सेटवर लघुलहरीचें केंद्र दुसऱ्या दिवशीं पुन्हां शोधणें जिकिरीचें होतें.

दुसरी गोष्ट, खोटें केंद्र ओळखावें. जुन्या धाटणीच्या हलक्या सेटमध्यें आलेली लहर आंत ४५५ किलोहर्ट्झवर उतरविली जाते. अशा सेटवर लघुलहरींचें एखादें जोरदार केंद्र आपल्या खऱ्या जागीं तर येतेंच, आणि शिवाय ९१० किलोहर्ट्झ खालीं त्याचें भूतही बोलतें. हें भूत फार मोठ्यानें बोलत असेल तर तो सेट ठेवून द्यावा. लहर दोन टप्प्यांनीं उतरविणाऱ्या सेटमध्यें हा दोष बराच कमी असतो.

तिसरी गोष्ट, सेल. आंत कायमची बसविलेली आणि केवळ चार्जरनें भरणारी बॅटरी असलेला सेट चार दिवस वीज गेली म्हणजे पेटींत ठेवण्याच्याच लायक राहतो. गांवच्या किराणा दुकानांत मिळणारे पेन्सिल सेल किंवा मोठे सेल ज्यांत बसतात, तोच सेट घ्यावा. हातानें फिरविण्याची मूठ वा सूर्यप्रकाशाची पट्टी असल्यास उत्तम, परंतु ती सेलच्या जोडीला असावी, सेलऐवजीं नव्हे. सेट कपाटांत ठेवावयाचा असेल तर सेल काढून ठेवावेत. पाझरलेला सेल आंतील पत्रे खाऊन टाकतो.

चौथी गोष्ट, आकाशी काडीविषयीं. ती लांबविल्यानें लघुलहर व एफ. एम. यांस मदत होते. मध्यम लहरीसाठीं सेटच्या पोटांत एक काळी कांडी आडवी असते, आणि काडी कितीही उंच केली तरी तिजवर परिणाम होत नाहीं. नागपूर क्षीण येत असेल तर काडी ओढूं नये, सेटच फिरवावा. एका दिशेस आवाज भरून येतो, तीच जागा धरावी. लघुलहरीसाठीं काडीस पांचसहा मीटर तार जोडून ती झाडाकडे ओढली असतां फायदा होतो. परंतु ढग दाटून आले कीं ती तार प्रथम सोडवून घराबाहेर टाकावी. आपल्या बांध्यांत दरवर्षीं विजेनें माणसें दगावतात. गाणें ऐकण्यापायीं वीज घरांत आणूं नये. मध्यम लहरीवर वरचेवर कडकड वाढूं लागली तर वादळ जवळ येत असल्याची ती खूण असूं शकते, हेंही ध्यानांत असावें.

पांचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पारख. दुकानांत सेट कधींही पारखूं नये. तेथें एल. ई. डी. दिवे व चार्जर यांची इतकी खरखर असते कीं चांगला सेटही वाईट ठरतो. दुकानदाराशीं तीन दिवसांत परत करण्याचा बोल करून पावतीवर तसें लिहून घ्यावें; तोंडी बोलाचा पुरावा होत नाहीं, हें आम्ही कचेरींत आयुष्य घालवून शिकलों. मग सेट शेतावर न्यावा. भर दुपारीं नागपूर लावावें, सूर्यास्तानंतर पुन्हां लावावें, आणि त्यानंतर ३१ व ४१ मीटरवर फिरून पाहावें. शेजारीं रानडुकरांसाठीं लावलेलें झटका मशीन चालू असेल तर दर ठोक्यास सेटमध्यें टकटक उठेल. तो सेटचा दोष नव्हे, शंभर पावलें दूर जावें.

हें सर्व प्रत्येक कास्तकारानें एकट्यानें करणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून आपल्या संस्थेस आमची एक सूचना आहे. बाजारांत मिळणारे चारपांच निरनिराळे सेट संस्थेनें विकत घ्यावेत आणि ते तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांतील एकेका गांवीं आळीपाळीनें आठ आठ दिवस ठेवावेत. दुपारीं व रात्रीं काय ऐकूं आलें, सेल किती दिवस पुरले, याची साधी नोंदवही प्रत्येक गांवीं असावी. त्या वह्यांवरून जो सेट उतरेल तो सभासदांसाठीं एकत्र मागवावा. बियाण्याची उगवण आपण पेरणीपूर्वीं तपासतों. तीच पद्धत येथें लावावयाची आहे. शिवाय नदीकांठच्या प्रत्येक गांवीं ग्रामपंचायतींत एक सेट व सेलचा एक न फोडलेला संच पावसाळाभर तयार असावा, आणि तो कोणाच्या ताब्यांत आहे हें फळ्यावर लिहिलेलें असावें.

कापलेल्या धानाचे कडपे बांधींत पडलेले असतां नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस एका रात्रींत वर्षाची कमाई भिजवून टाकतो. पुंजणें रचण्यास त्या वेळीं एक दिवसाची सूचना मिळाली तरी पुष्कळ झालें. ती सूचना मोबाईलवर आली तर आनंदच आहे. न आली तर ती आणून देणारें दुसरें साधन घरांत असावें, आणि तें मृग लागण्यापूर्वीं पारखून घेतलेलें असावें. या कामीं ज्या गांवीं पुढाकार घेतला जाईल, तेथील नोंदवही पाहण्यास व तिचा तक्ता तयार करून देण्यास आम्ही आनंदानें येऊं.